दोन माणसांची शिकार

१६१२ साली मुकर्रब खान गोव्याची फेरी करून जहांगीर बादशहाच्या दरबारात परतला, तेव्हा पोर्तुगिजांकडून खरेदी केलेल्या दुर्मीळ चीजवस्तूंबरोबर त्याने काही अनोळखी प्राणी-पक्षीही आणले होते. त्यांतला एक पक्षी बादशहाच्या नजरेत भरला. जहांगीरने आपल्या आठवणींत, म्हणजे ‘तुझुक-इ-जहांगिरी’त, त्याचं तपशीलवार वर्णन लिहिलं आणि दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरकडून त्याचं चित्र काढून घेतलं. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. बादशहाला सर्वांत नवल वाटलं ते या पक्ष्याच्या डोक्यामानेचं. तिथले रंग पाहता पाहता पालटत होते.

हा पक्षी टर्की. मेक्सिकोच्या परिसरात माणसाळला, स्पॅनिशांबरोबर युरोपात गेला आणि पोर्तुगिजांच्या जहाजांतून गोव्याच्या किनाऱ्याला लागला. त्याचे रानातले भाऊबंद मात्र उत्तर अमेरिकेच्या जंगलांतच राहिले. जहांगीरला पडलेल्या कोड्याचं उत्तर आता मिळालं आहे. टर्कीच्या उघड्या कातडीत कोलॅजेनच्या तंतूंचे जुडगे असतात. त्यांच्याभोवतीच्या रक्तवाहिन्या फुगल्या किंवा आकसल्या, की तंतूंमधलं अंतर बदलतं आणि कातडीचा रंगही बदलतो. पक्षी चेकाळला, बिथरला किंवा शांत झाला, तर ते त्याच्या डोक्यावर दिसतं. बादशहासाठी ती करमणूक होती. वसंतातल्या पहाटे रानात दबून बसलेल्या एका माणसासाठी मात्र तीच गोष्ट फार कामाची ठरते, कारण शेजाऱ्याच्या कानात ‘आता’ म्हणायचं की ‘थांब’, हे त्याला त्या रंगावरूनही ठरवायचं असतं.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचा नैर्ऋत्य भाग डोंगराळ आहे. हिमयुगात आसपासचा मुलूख हिमनद्यांनी रगडून सपाट केला, पण हा पट्टा त्यातून सुटला. एप्रिलमधल्या पहाटे इथल्या ओकच्या रानाच्या कडेला, गेल्या हंगामातल्या मक्याची खुंटं उरलेल्या शेताच्या तोंडाशी, कापडाचं एक लपण उभं असतं. आत घडीच्या दोन स्टुलांवर दोन माणसं बसलेली असतात. एकाच्या हातात धनुष्य आहे आणि दोरीला बाण लावलेला आहे. दुसऱ्याच्या हातात लाकडाची एक छोटी पेटी आहे. ज्याच्याकडे धनुष्य आहे त्याने आजवर एकही टर्की मारलेला नाही. ज्याने कित्येक वसंत या रानात काढले, त्याच्याकडे हत्यारच नाही.

पुढच्या पानांचा विषय हा दुसरा माणूस आहे.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटेल आणि तसं वाटण्याला कारणही आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतात शिकारीला मनाई केली आणि शिकारकथांचा आपल्याकडचा ओघ हळूहळू आटला. रानातली माणसं जाणणाऱ्यांना मात्र यातला एक धागा लगेच ओळखीचा वाटेल. फासेपारधी तित्तर आणि लाव्यांचे आवाज हुबेहूब काढत. ती विद्या कुठल्या पुस्तकात नव्हती. ती बापाकडून मुलाकडे जायची, शेजारी बसून, ऐकून आणि चुकून. मोराचा पिसारा पाहिलेल्याला टर्कीचं वागणंही नवं नाही, कारण दोघे एकाच कुळातले आहेत. विणीच्या काळात टर्की नर शेपटीचा पंखा उघडतो, पंख जमिनीला घासत मिरवतो आणि छाती फुगवतो. बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइनसारख्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तर हे दृश्य घरासमोरच्या रस्त्यावरही दिसतं.

पण बॉस्टनच्या परिसरात टर्की दिसणं ही अलीकडची गोष्ट आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातून हा पक्षी १८५१च्या सुमारास नाहीसा झाला होता. विस्कॉन्सिनमध्ये शेवटची नोंद १८८१ची. शेतीसाठी जंगलं साफ झाली होती आणि बाजारासाठी बेसुमार शिकार चालू होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशभरात मिळून दोन लाखांच्या आसपास टर्की उरले असावेत असं मानतात. काही अंदाज त्याहूनही खालचे आहेत.

मग त्याला परत आणण्याचे प्रयत्न सुरू झाले, आणि त्यांतला पहिला मोठा प्रयत्न सपशेल फसला. अंडी यंत्रात उबवली, पिल्लं पिंजऱ्यात वाढवली आणि हजारोंच्या संख्येने रानात सोडली. ती तगली नाहीत. पिंजऱ्यात पोसल्या गेलेल्या वाणात रानटीपणा उरला नव्हता हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे त्यांना आई नव्हती. रानातली टर्कीची पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यापासून मादीमागे फिरतात. घारीची सावली पडली की कुठे दबायचं, किडे कुठे उकरायचे, रात्री कुठल्या झाडावर चढायचं, हे तिच्याबरोबर राहून त्यांच्या अंगी मुरतं. पिंजऱ्यातल्या पिल्लांना यातलं काहीच मिळालं नव्हतं.

यश आलं ते रानातलेच पक्षी पकडून दुसऱ्या रानात सोडल्यावर. १९५१ साली साउथ कॅरोलायनातल्या फ्रान्सिस मॅरियन राष्ट्रीय वनात टर्की पकडण्यासाठी तोफेच्या जाळ्याचा वापर झाला. दाणे टाकायचे, पक्षी जमले की छोट्या तोफांनी त्यांच्यावरून जाळं उडवायचं. त्यानंतर राज्याराज्यांत पक्ष्यांची देवघेव सुरू झाली. मिसूरीतले २९ टर्की १९७६च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनच्या व्हर्नन काउंटीत सोडले गेले. बदल्यात विस्कॉन्सिनने रफ्ड ग्राउज जातीचे आपले पक्षी मिसूरीला दिले. मॅसॅच्युसेट्समध्ये १९७२-७३ला न्यूयॉर्क राज्यातून ३७ पक्षी आले. विस्कॉन्सिनमध्ये १९८३ साली वसंतातला पहिला शिकारी हंगाम उघडण्याइतकी संख्या झाली होती. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशभरचा आकडा सत्तर लाखांच्या जवळ गेला. त्यानंतर तो काहीसा उतरला आहे आणि त्याची काळजी करणारी माणसंही आहेत. तरी आज अलास्का सोडून प्रत्येक राज्यात रानटर्की आहेत. जगातल्या वन्यजीव पुनर्वसनाच्या मोठ्या यशोगाथांमध्ये ही मोजावी लागेल.

याला पैसा कुठून आला, हा प्रश्न इथे टाळता येत नाही. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर थेट राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. बहुतेक बंदुका आणि दारूगोळ्यावर तो ११ टक्के आहे. १९७०च्या दशकात धनुष्यं आणि तिरंदाजीचं सामानही या कराखाली आलं. शिकारीच्या परवान्यांची फी त्यात मिळवली, की या खात्यांच्या उत्पन्नाचा मोठा वाटा तयार होतो. आणि इथेच अडचण आहे. केंद्र सरकारच्या पाहणीनुसार १९९१ साली अमेरिकेत १ कोटी ४१ लाख शिकारी होते, २०१६ साली १ कोटी १५ लाख. जुनी पिढी थकली. नव्या पिढीतल्या कित्येकांच्या घरात शिकार करणारं कोणी नाही. आजोबांच्या शेतावर आपोआप होणारं शिक्षण थांबलं. त्यामुळे राज्यांची खाती आणि १९७३ साली स्थापन झालेल्या नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशनसारख्या संस्था आज अशा माणसांच्या शोधात आहेत, जी आपल्या हंगामातले दिवस अनोळखी नवशिक्यासाठी देतील.

धनुष्याच्या शिकारीचा अमेरिकेतला इतिहासच मुळी अशा शेजारी बसण्यातून घडला आहे. १९११ साली कॅलिफोर्नियात ओरोव्हिलजवळ ‘याही’ नावाच्या जमातीचा एक माणूस लोकांना सापडला. त्याच्या जमातीचं दुसरं कोणी उरलं नव्हतं. जगाने त्याला इशी म्हणून ओळखलं. सॅक्स्टन पोप हे विद्यापीठातले डॉक्टर त्याच्यावर उपचार करत, आणि त्याच्याकडूनच धनुष्य घडवायला, बाण सरळ करायला, रानात दबकत चालायला शिकले. इशी १९१६ साली क्षयाने गेला. पोप यांनी आपलं शिक्षण १९२३ साली पुस्तकात मांडलं. त्यांचे शिकारीतले सोबती आर्थर यंग यांनी धनुष्याने केलेल्या शिकारीचा चित्रपट डेट्रॉइटमध्ये दाखवला, तेव्हा प्रेक्षकांत फ्रेड बेअर नावाचा तरुण होता. पुढे यंग यांच्याशी त्याची मैत्री झाली आणि या तरुणाने विसाव्या शतकातली अमेरिकन धनुष्य-शिकार घराघरांत पोचवली. आपली सारी माणसं गमावलेल्या एका माणसाने परक्याला शिकवलं, म्हणून ही साखळी सुरू झाली. आजचा मार्गदर्शक तिच्यातली पुढची कडी आहे, आणि त्याने इशीचं नाव नवशिक्याला सांगायलाच हवं.

विस्कॉन्सिनचा यातला वाटा मोठा. हरणांसाठी फक्त धनुष्याचा कायदेशीर हंगाम १९३४ साली सर्वांत आधी याच राज्याने ठेवला. वन्यजीव व्यवस्थापनाचे आद्य प्राध्यापक आल्डो लिओपोल्ड मॅडिसनच्या विद्यापीठात शिकवत, स्वतः धनुष्यं घडवत आणि धनुष्य घेऊन रानात जात. त्यांच्या पत्नी एस्टेला तर राज्याच्या तिरंदाजी स्पर्धेत अव्वल ठरलेल्या होत्या. १ जानेवारी १९७३ला किंवा नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला इथे परवान्यासाठी शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. मात्र २००९पासून असलेल्या नियमाने, अभ्यासक्रम न केलेल्या माणसालाही मार्गदर्शकाबरोबर शिकार करता येते. मुख्य अट ही, की मार्गदर्शक हाताच्या अंतरावर असला पाहिजे. कायद्याच्या भाषेतलं हे अंतर फार विचारपूर्वक ठरवलेलं आहे. हात लांब केला की दुसऱ्याचं धनुष्य खाली दाबता आलं पाहिजे.

काम सुरू होतं हिवाळ्यात, अंगणात किंवा तिरंदाजीच्या मैदानावर. बहुतेक नवशिके आजकाल कंपाउंड धनुष्य घेऊन येतात. मिसूरीच्या हॉलेस विल्बर ॲलन यांनी १९६०च्या दशकात त्याचा शोध लावला आणि १९६९ला त्यांना पेटंट मिळालं. त्याच्या टोकांवरची चाकं अशी फिरतात, की दोरी पूर्ण ओढल्यावर हाताला जाणवणारं वजन बरंच उतरतं आणि नेम धरून थांबता येतं. दुकानात आलेल्या माणसाला जड धनुष्याचा मोह पडतो. जाणता मार्गदर्शक ते आधी हलकं करायला लावतो. टर्कीसाठी ४० पौंड, म्हणजे १८ किलोच्या आसपासचं ओढवजन पुरतं. कसोटी वेगळीच असते. स्टुलावर बसून, धनुष्य आभाळाकडे न उचलता, कोपर न झटकता दोरी सरळ मागे आली पाहिजे आणि मिनिटभर तशीच धरता आली पाहिजे. टर्की दहा पावलांवर येऊन थबकतो आणि कधी कधी तिथून हलतच नाही. जड धनुष्य धरलेला हात अशा वेळी थरथरतो. पक्ष्याला तेवढी थरथर पुरते.

टर्कीची नजर हा या शिकारीतला खरा प्रतिस्पर्धी. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने मान न वळवताही त्याला भोवतालचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग दिसतो. रंग तो माणसापेक्षा जास्त ओळखतो, अतिनील प्रकाशाचा काही भागही त्याला दिसतो. वासाची भीती बाळगायचं कारण नाही, हालचालीची मात्र आहे. बंदूकवाला चाळीस यार्डांवरून बार टाकू शकतो आणि त्याला फक्त बोट हलवायचं असतं. धनुर्धाऱ्याला वीस यार्डांच्या आत, म्हणजे अठरा मीटरपेक्षा कमी अंतरावर पक्षी हवा, आणि तिथे त्याच्यासमोर अख्खा हात मागे खेचायचा.

म्हणून लपण. रातोरात उगवलेल्या कापडी खोलीकडे हरणं संशयाने पाहतात. टर्की तिच्याकडे सहसा लक्ष देत नाहीत, हे नवशिक्याचं भाग्य. आतून ते काळं असतं, मागच्या खिडक्या बंद ठेवायच्या असतात आणि आत बसणाऱ्यांनी काळे कपडे घालायचे असतात. यातला एक धडा मात्र पुस्तकं वाचून कोणाच्या डोक्यात शिरत नाही. डोळा आणि बाण एका रेषेत नसतात. बाण नजरेच्या रेषेच्या काही इंच खाली असतो. खिडकीतून पक्षी स्वच्छ दिसत असतो आणि सुटलेला बाण खिडकीच्या खालच्या कडेत घुसतो. त्याच कारणाने, तीन-चार यार्डांवर आलेल्या पक्ष्याला वीस यार्डांची पिन, म्हणजे त्या अंतरासाठी धनुष्यावर बसवलेला नेमाचा काटा, लावली तर बाण खाली लागतो, कारण तेवढ्या अंतरात तो नजरेच्या रेषेपर्यंत वर चढलेला नसतो. तिथे लांबच्या अंतराची पिन लावावी लागते. ऐकताना हे उलटं वाटतं. म्हणून मार्गदर्शकाने लपण हंगामाआधीच अंगणात उभं करावं आणि त्याच स्टुलावर बसवून, त्याच खिडकीतून, अगदी जवळच्या लक्ष्यावर बाण मारून घ्यावेत. दहा वेळा सांगितल्याने जे कळत नाही, ते दोन बाणांत कळतं.

लपणासमोर बनावट टर्की ठेवतात. त्यांना सगळे डिकॉयच म्हणतात. बंदूकवाला ते लांब ठेवतो, धनुर्धारी सहा-आठ यार्डांवर. साधारणपणे एक मादी आणि एक ‘जेक’, म्हणजे वर्षभराचा कोवळा नर. जेकचं तोंड लपणाकडे करायचं. यामागे पक्ष्याचा स्वभाव आहे. पोक्त नराला, ज्याला शिकारी ‘टॉम’ म्हणतात, हा पोरगा आपल्या मुलखात खपत नाही. तो येतो आणि त्याच्या तोंडासमोर उभा ठाकतो. म्हणजे टॉम लपण आणि जेक यांच्या मधे, लपणाकडे पाठ करून उभा राहतो. त्या क्षणी त्याने पंखा उघडला, की त्याच्याच शेपटीआड त्याचे डोळे झाकले जातात. धनुष्य ओढायची वेळ तीच. ही सगळी मांडणी रात्रीच्या अंधारात, विजेरीच्या लाल उजेडात करताना मार्गदर्शकाने प्रत्येक गोष्टीचं कारण सांगत जावं. कारण कळलेला नवशिका पुढच्या वर्षी वेगळ्या शेतात, वेगळ्या उतारावर स्वतः मांडणी करू शकतो.

मग उजाडायला लागतं. दलदलीकडून सँडहिल क्रौंचांचे आवाज येतात, बार्ड घुबड घुमतं आणि त्या आवाजाला चिडून झाडावर झोपलेला टॉम गरजतो. आदल्या संध्याकाळी रानाच्या कडेला उभं राहून पक्षी कुठल्या झाडांवर चढले हे ऐकून ठेवलेलं असेल, तर लपण योग्य जागी असतं.

लाकडी पेटीचं काम आता सुरू होतं. तिची कडा झाकणाने घासली, की मादीची ‘येल्प’ निघते. पाटीच्या दगडाची तबकडी आणि काडी वापरणारे आहेत, टाळूला पातळ पडदा लावून आवाज काढणारेही आहेत. आवाज सुरेल असण्यापेक्षा त्याची लय आणि वेळ महत्त्वाची. इथे एक गोष्ट समजून घ्यावी लागते. रानात नर गरजतो आणि मादी त्याच्याकडे जाते. शिकारी आवाज देतो तेव्हा तो नराला उलटी रीत पाळायला सांगत असतो. म्हणून टॉम साठ यार्डांवर येऊन थांबतो, मिरवतो, गरजतो आणि वाट पाहतो. उतावळा माणूस पुन्हा पुन्हा साद घालतो आणि टॉमला वाटतं, येतेच आहे ती. चांगला मार्गदर्शक अशा वेळी पेटी मांडीवर ठेवून गप्प बसतो. पाच मिनिटं, वीस मिनिटं. शेजारच्याची छाती धडधडत असते आणि त्याला काहीतरी करावंसं वाटत असतं. त्याला तसंच बसू द्यायचं. या शिकारीतली सर्वांत मोठी शिकवण याच मिनिटांत घडते, असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे.

एकट्याने हे करणाऱ्याला साद घालणं, पक्षी पाहणं, अंतर मोजणं आणि धनुष्य ओढणं, सगळं स्वतःलाच करावं लागतं. नवशिक्याचे हात अशा वेळी चुकीच्या क्षणी हलतात. मार्गदर्शक आवाजाची आणि नजरेची जबाबदारी स्वतःकडे घेतो. नवशिक्याकडे उरतं फक्त धनुष्य, आणि पहिल्या वेळी तेवढंच खूप झालं.

आणि आता नेम. फुगलेला टॉम मोठा दिसतो, पण त्यातला बराचसा भाग नुसती पिसं. हृदय आणि फुप्फुसांची जागा क्रिकेटच्या चेंडूहून फारशी मोठी नसते आणि नवशिक्याला वाटते त्यापेक्षा वर व मागे असते. पक्षी आडवा असेल तर पंखाच्या खांद्याशी नेम धरायचा, पाठमोरा असेल तर पाठीच्या मध्यरेषेवर. मिरवणाऱ्या पक्ष्याचा पिसांखालचा आकार कळत नाही. म्हणून मार्गदर्शक तोंडाने एक तुटक ‘क्लक’ काढतो, टॉम पिसं मिटतो, मान वर करतो, आणि खरं शरीर दिसतं. ज्यांना शिकारीबद्दल आस्था नाही त्यांनाही हे कळावं, की चुकीच्या जागी लागलेला बाण पक्ष्याला लगेच मारत नाही. तो उडून किंवा धावून जातो, पिसं रक्त शोषून घेतात, जमिनीवर माग जवळजवळ राहत नाही, आणि एक जखमी जीव कुठेतरी झुडपात वेदनेत पडतो. म्हणून ‘नको’ म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हे दोघांनी लपणात शिरण्याआधी ठरवायचं असतं. मार्गदर्शकाने ‘नको’ म्हटलं की धनुष्य खाली आलं पाहिजे. तसंच नवशिक्याने ‘मला जमणार नाही’ म्हटलं तर मार्गदर्शकाने आग्रहाचा एक शब्दही काढता कामा नये. यातली दुसरी बाजू पाळणं जास्त अवघड आहे. महिनाभर मेहनत घेतलेली असते, पक्षी बारा यार्डांवर उभा असतो, आणि शेजारचा माणूस धनुष्य उचलत नाही. तिथे ज्याला शांतपणे ‘ठीक आहे’ म्हणता येतं, त्यालाच मार्गदर्शक म्हणावं.

सुरक्षिततेचे नियम थोडे आहेत आणि त्यांत सूट नाही. लाल, पांढरा, निळा हे रंग अंगावर नकोत, रुमालसुद्धा नको, कारण टॉमच्या डोक्याचे रंग तेच आणि रानात दुसरा शिकारी असू शकतो. कोणी येताना दिसलं तर हात हलवायचा नाही, मोठ्याने बोलायचं. ऐकू आलेल्या गर्जनेच्या दिशेने दबकत जायचं नाही, कारण ती साद घालणाऱ्या माणसाचीही असेल. बाणांची पाती झाकलेल्या भात्यात ठेवायची, बाण जागेवर बसल्यावरच दोरीला लावायचा. परतल्यावर अंगावर गोचिड्या शोधायच्या. लाइम रोग इथे खराखुरा आहे.

पुष्कळ पहाटा रिकाम्या जातात. पाऊस येतो, टॉम खऱ्या माद्यांमागे दुसऱ्या दरीत उतरतो, लांडग्यासारखा दिसणारा कोयोटी डिकॉयवर झेपावतो. अशा दिवशी मार्गदर्शकाने लपण लगेच गुंडाळू नये. धुळीत टर्कीने अंग घासल्याच्या खुणा, ओकच्या पाल्यात उकरलेल्या जागा, नर आणि मादीच्या विष्ठेतला फरक, पांढऱ्या ट्रिलियमच्या फुलांमधून गेलेली पायवाट, हे सगळं दाखवायची संधी एरवी मिळत नाही. लहान मुलं बरोबर असतील तर खाऊ आणि पांघरूण न्यावं, आणि त्यांना थंडी वाजली की घरी जावं.

आणि पक्षी पडला, तर काम निम्मंच झालेलं असतं. विस्कॉन्सिनमध्ये दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत त्याची नोंद करावी लागते. वसंतातल्या परवान्यावर नर किंवा छातीला ‘दाढी’ असलेलाच पक्षी मारता येतो. ही दाढी म्हणजे केसांसारखी दिसणारी पिसं. ती कशी मोजायची, पायाच्या आऱ्यांवरून वयाचा अंदाज कसा बांधायचा, हे शिकवून झालं की सुरी नवशिक्याच्या हातात द्यायची. साफ करण्याचं काम मार्गदर्शकाने उरकून टाकलं, तर जीव घेण्यातला सर्वांत गंभीर भाग नवशिक्याकडून हिरावला जातो. छातीचं मांस कमी चरबीचं, लवकर कोरडं होणारं. मांड्या-पाय चिवट म्हणून कित्येक जण टाकून देतात आणि ते वाईट आहे. गावठी कोंबडा मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या मराठी घरांना या तंगड्यांचं काय करायचं ते सांगावं लागणार नाही.

पुढच्या प्रकरणांत यातला प्रत्येक टप्पा सविस्तर येतो. धनुष्याची निवड, लपणाच्या जागा, आवाजांचा सराव, नेमाच्या आकृत्या, आणि वेगवेगळ्या राज्यांचे नियम, जे दरवर्षी तपासून घ्यावे लागतात. विस्कॉन्सिनमध्ये वसंताचा हंगाम सात-सात दिवसांच्या सहा तुकड्यांत विभागलेला असतो आणि परवाने सोडतीने मिळतात. अर्जाची मुदत १० डिसेंबर. ज्यांना पुढच्या वसंतात कोणाला बरोबर न्यायचं आहे, त्यांनी त्या नवशिक्याला नोव्हेंबरमध्येच फोन करावा, अर्ज भरायला शेजारी बसावं, आणि स्वतःच्या परवान्यासाठी वेगळा आठवडा मागावा.